गटातली पाचवी

५ मार्च, बुधवार

ती! पाचवी म्हणून ती! बाजारात दोनशे बाया असतील, आणि दोर्सिलाबाईंना सापडली कोण — तर माझी सवत.

मी म्हटलं, मग मी नाही. दोर्सिलाबाईंचं पिठाचं दुकान आहे, चर्चमधल्या बायांच्या त्या पुढारी, त्यामुळे साधं वाक्यही डोळे मिटून बोलतात. "लिलीच्या आई, संस्थेला पाच जणी लागतात. चार चालत नाहीत. तू नाही म्हणालीस की आम्हा सगळ्यांचं कर्ज गेलं. विचार कर." डोळे मिटलेलेच.

म्हातारी अबुटो सुकी मासळी विकते. ती कसली गप्प बसतेय! "अगं पोरी, नवरा वाटून घेतलास, कर्ज वाटून घ्यायला काय जातंय तुझं?"

सगळ्या हसल्या. तीसुद्धा हसली — शेळी शिंकल्यासारखी. नऊ वर्षं मी ते हसणं कुंपणाच्या आतून ऐकतेय. फाटकासमोर माझं घर, उजव्या हाताला तिचं. तिच्या घरात मी एकदाही पाऊल टाकलेलं नाही. अपोंडी नाव आहे तिचं, पण मी सेमेवालीच म्हणते. सेमेहून आली, सेमेवाली. नाव घेऊन तोंड कशाला विटाळू?

सही केली. चिटणीस पण मीच, कारण अक्षर माझं चांगलं. शी!

७ मार्च

फॉर्ममध्ये तिने 'धंदा' म्हणून लिहिलं: शिवणकाम. गावात तीन शिंपी आधीच माश्या मारतायत.

१९ मार्च, बुधवार

पैसे आले! प्रत्येकीला वीस हजार शिलिंग.

संस्थेची मुलगी आली, चेरोनो तिचं नाव. केस अगदी बारीक कापलेले, मोटरसायकल स्वतः चालवते. आंब्याखाली आम्हाला बसवून सगळं पुन्हा सांगितलं. "तुमच्यापैकी कुणाच्या नावावर जमीन आहे?" कुणाच्याच नाही. "म्हणून बँक तुम्हाला दारात उभं करत नाही. आम्ही करतो. आमच्याकडे गहाण काय? तुम्हीच. एकीचा हप्ता चुकला तर चौघींनी भरायचा. सलग तीन चुकले तर चौघींनी तिच्या घरी जायचं, सामान उचलायचं, विकायचं. आणि हे कर्ज नीट फिटलं तर पुढचं चाळीस हजारांचं."

चाळीस हजार! मला लगेच काचेच्या दाराचा फ्रीज दिसला. आत थंडगार बाटल्यांच्या रांगा. या बाजारात फ्रीज कुणाकडेच नाही.

आठवड्याला हजार भरायचे, बावीस आठवडे. जमेल.

घाऊक बाजारातून दुकानाचा माल घेऊन परत येताना भाड्याच्या मोटरसायकलवर साखरेची दोन पोती, तेलाचा वीस लिटरचा डबा, साबणाच्या वड्या, मीठ, वह्या. पोत्याला मिठी मारून बसले होते. मोटरसायकलवाला म्हणाला, "मावशी, नवऱ्याला तरी इतकं घट्ट धरता का?" मेला!

२४ मार्च

नवरा म्हणजे काय चीज आहे, कधी कळणार नाही.

ओगोला दुपारी दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट, दातांत आगकाडी. मला त्या आगकाडीची फार किळस येते. बोलताना ती या गालातून त्या गालात फिरते. गल्ल्यावर अकरा हजार ठेवले! म्हणाला, "थोरले, माल जमिनीवर ठेवतेस, उंदरांचं दुकान आहे का हे? सुतार सांगितलाय. तिन्ही भिंतींना फळ्या मार. कमी पडले तर माग."

नऊ वर्षांत या माणसाने माझ्या घरात एक खिळा ठोकला नाही. बैलांच्या दलालीत कमावतो ते कुठे जातं, मी विचारत नाही. आज मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला लिहू. संध्याकाळी कोंबडी कापली त्याच्यासाठी. मक्याच्या उगालीसोबत रस्सा ओरपत म्हणाला, "थोरली ती थोरलीच." त्या बाईच्या अंगणात चूल पेटलेली नव्हती. मला बरं वाटलं.

२९ मार्च

फळ्या झाल्या. सायप्रसच्या लाकडाचा वास येतो दुकानात. सगळं वर मांडलं. मग समोरच्या चहावालीच्या बाकावर जाऊन बसले, आणि माझंच दुकान परकं असल्यासारखं लांबून बघत राहिले.

१९ एप्रिल, शनिवार

ईस्टरचा बाजार. साखर दुपारी दोनलाच संपली! तेल संपलं. उधारी मागायला आलेल्यांना चक्क नाही म्हणाले — माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. आधी मी एकेक किलो आणून चमच्याने विकत होते, आता पोतं आणते तर पोत्यामागे साडेचारशे सुटतात. कर्ज म्हणजे काय ते आता कळतंय. मालाच्या मागे मी धावत नाही, माल माझ्याकडे येतो. लिलीला फोन करून सांगितलं. नैरोबीतून ओरडली, "आई, तू तर व्यापारी झालीस!"

हप्ते सगळ्यांचे वेळेवर. तिचेसुद्धा. आश्चर्यच.

३० एप्रिल, बुधवार

म्हटलं नव्हतं? चुकवला तिने.

तान्ह्याला मांडीवर घेऊन बसली, वर बघायला तयार नाही. "पुढच्या आठवड्यात देते." बस्स. का नाहीत पैसे, धंद्याचं काय झालं, एक अक्षर नाही. आम्ही चौघींनी अडीचशे-अडीचशे काढले. माझे अडीचशे तिच्या हातात! हात धुतले घरी येऊन. खरंच धुतले.

७ मे, बुधवार

पुन्हा. या वेळी चुरगळलेले तीनशे पुढे केले. चेरोनो म्हणाली, "अपोंडीताई, अर्धा हप्ता हा हप्ता नसतो." बिचारी मुलगी, तिलाच बोलताना लाज वाटत होती. मला नाही वाटली. मी उभी राहून म्हटलं, "वीस हजार कुठे गेले ते सांग. कापड दिसत नाही, गिऱ्हाईक दिसत नाही. खाल्लेस?"

तिने माझ्याकडे बघितलं. विचित्र बघितलं — मीच काहीतरी वंगाळ बोलल्यासारखं. मग मान खाली.

अबुटो म्हणाली, "खाल्ले असते तर अंगावर तरी दिसले असते." कुणी हसलं नाही.

चेरोनोने जाताना मला बाजूला घेतलं. "लिलीच्या आई, तुमचं दुकान माझ्या सगळ्या भागात एक नंबर आहे. पण गट डागाळला तर पुढचं कर्ज कुणालाच नाही. मी काही करू शकत नाही."

माझा फ्रीज त्या बाईच्या पदरात बांधलाय! काय पण नशीब.

१४ मे, बुधवार

तिसरा. वहीतला नियम मीच वाचून दाखवला. माझंच अक्षर. आवाज अजिबात कापला नाही. उद्या सकाळी दहा वाजता.

१५ मे, गुरुवार

लिहू का नको. लिहिते.

चौघी गेलो. दोर्सिलाबाईंनी दारात आधी प्रार्थना म्हटली. सामान उचलायला आलेल्या बाया — आणि प्रार्थना! देवालाही ओकारी आली असेल.

नऊ वर्षांनी त्या घरात पाय टाकला. मला वाटलं होतं आत काहीतरी असेल. सोफा, रेडिओ, पडदे. ओगोलाने तिला काय काय दिलं असेल, याची मी नऊ वर्षं मनात यादी केली होती. आत काहीच नाही. पत्रा तीन ठिकाणी गळतो, खाली तीन डबे ठेवलेले. एक गादी. एक पायमशीन — तिच्या आईचं, जुनं, सोनेरी अक्षरं पुसून गेलेली. सहा कप. दोन कोंबड्या.

"कोंबड्या तर डझनभर होत्या," अबुटो म्हणाली. 

"विकल्या. आधीचे हप्ते त्यातूनच भरले," ती म्हणाली.

गादीवर तान्हा झोपला होता. कुणी पुढे होईना. दोर्सिलाबाई छताकडे बघत होत्या. मग मीच त्याला उचललं — गरम, घामेजलेला, ओगोलाचे कान — आणि तिच्या हातात दिला. गादी अबुटोने गुंडाळली. मोठी मुलगी सहा वर्षांची आहे, ती दाराशी उभी राहून आम्ही काय काय नेतो ते बोटांवर मोजत होती.

मशीन दारातून निघेना. आम्ही आडवं करतोय, उभं करतोय. तेव्हा ती म्हणाली — अगदी शांतपणे — "डोकं आधी सोडवा. खालचे दोन स्क्रू. नाहीतर दारात अडकतं."

आणि स्वतःच स्क्रूड्रायव्हर आणून दिला.

शाळेतल्या मास्तरांच्या बायकोने मशीन सहा हजारांना घेतलं, तिथल्या तिथे. गट स्वच्छ झाला. दोर्सिलाबाई म्हणाल्या, "देवाची कृपा." मी वहीत लिहिलं: वसुली पूर्ण.

१६ मे

दुकानात चांगला धंदा झाला. दिवसभर माझ्या हाताला त्या पोराच्या घामाचा वास येत होता. साबणाने जात नाही.

१७ मे, शनिवार

ती दुकानात आली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. वीस शिलिंगचं तेल मागितलं, कपात. मी मोजून ओतलं. ती माल बघत नव्हती, भिंती बघत होती.

म्हणाली, "सुताराने काम चांगलं केलंय. अकरा हजार ना?"

तो आकडा ओगोला, मी आणि सुतार, एवढ्यांनाच ठाऊक. मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? माझ्या हातातून मोजून नेले त्याने. पैसे आले त्याच संध्याकाळी. म्हणाला, थोरलीचं दुकान आधी उभं राहू दे, मग तुझं. अकरा तिला, नऊ बैलाच्या सौद्यात, महिन्यात दुप्पट करून देतो." तेलाचा कप हातात धरून उभी. "मी आधी नको म्हटलं. तर म्हणाला, गटात बोललीस तर गटातून हाकलतील."

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं."

तिने कप खाली ठेवला. "माहीत नव्हतं?"

"नाही."

"मला वाटलं तुला ठाऊक आहे. तू सगळ्यांसमोर विचारलंस ना, खाल्लेस का म्हणून — मला वाटलं, बघा, हिची छाती केवढी! परवा घरात आलीस तेव्हासुद्धा हेच वाटलं. सगळं ठाऊक असून आली."

तेल घेऊन गेली. वीस शिलिंग मोजून ठेवून गेली!

साखर मागायला कुणीतरी पोर आलं. त्याला मी मीठ दिलं.

१८ मे, रविवार

चर्चमधून आल्यावर ओगोलाला गाठलं. गाण्याच्या पथकाचा जांभळा झगा अजून अंगावर, आगकाडी तोंडात. विचारलं.

लपवलंसुद्धा नाही! हसला. "बरं मग? या खिशातून त्या खिशात. घर एकच आहे ना माझं?"

"तिची गादी नेली आम्ही. मशीन नेलं."

"तुम्ही नेलं. मी नाही नेलं. बायकांच्या गटात मी कशाला पडू?"

"आणि नऊ हजार?"

"बैल मेला. मी मारला का त्याला?" मग आवाज खाली आणून, गोड करून — "थोरले, तुझंच भलं केलं ना? सगळ्या बाजारात तुझं नाव झालं. कोंबडी कापली होतीस माझ्यासाठी, विसरलीस?"

नाही विसरले. त्या कोंबडीचा एकेक घास आता घशाशी येतोय. तिची चूल बंद होती आणि मला बरं वाटलं होतं! लिहिलंय मीच, वर, माझ्याच सुंदर अक्षरात.

२१ मे, बुधवार

बैठकीत बोलणार होते. बोलले नाही.

चेरोनो कॅमेरा घेऊन आली होती. संस्थेच्या मोठ्या साहेबांना एका यशस्वी दुकानदार बाईचा फोटो हवाय. मला फळ्यांसमोर उभं केलं. "हसा, लिलीच्या आई." हसले. "अजून." अजून हसले. दात दाखवून. सेमेवाली आंब्याखाली बसून रिकाम्या हातांनी बघत होती.



२८ मे, बुधवार

आज सांगितलं. उभी राहून, सगळं. फळ्या कुणाच्या, पैसे कुणाचे, नेले कुणी.

वाटलं होतं आभाळ कोसळेल. काही झालं नाही! दोर्सिलाबाईंनी डोळे मिटले. "लिलीच्या आई, घरातली घाण घरात. गटाचे पैसे वसूल झालेत." गटातली चौथी, हॉटेलवाली, म्हणाली, माझा नवरा तर फोनच हिसकावतो, मी कुठे बोंबलते? मी चेरोनोकडे बघितलं. ती लाल शाईच्या पेनाशी खेळत राहिली, मग हळूच म्हणाली, "नवऱ्याने घेतले — हे लिहायला माझ्या फॉर्मात रकानाच नाही हो. 'व्यवसायात तोटा' आहे, 'आजारपण' आहे, 'मृत्यू' आहे."

पुरुषाचं नाव लिहायला जागाच नाही. छान!

एकटी अबुटो तेवढी थुंकली. तंबाखूमुळे की कशामुळे, कळलं नाही.

मग मास्तरांच्या बायकोकडे गेले. सहा हजारांचं मशीन, नऊ हजार म्हणाली. "मी तेलपाणी केलं त्याला." काय तेलपाणी! सहा हजार रोख आणि तीन हजारांची साखर-साबण, असं ठरलं. हातगाडीवर घालून भर बाजारातून आणलं. बघू देत.

सेमेवाली अंगणात ओमेना, ती बारीक मासळी, वाळत घालत होती. मशीनकडे बघितलं, भोवती फिरली, खाली वाकली. मी वाट बघत होते — आभाराची, रडण्याची, कशाचीतरी.

"बॉबिन कुठंय?"

"काय?"

"बॉबिन. बॉबिनशिवाय ह्याचा काय उपयोग? जा, विचारून ये."

इतका राग आला! गेले परत. आणली.

२ जून

ओगोलाला कळलं. बाजारभर झालं होतं, कळणारच. माझा फोन घेतला, खिशात टाकला. ओरडला नाही. तो ओरडत नाही कधी, तेच जास्त घाण वाटतं. म्हणाला, "माझ्या नावाची बदनामी झाली. दुकानाची जागा कुणाची आहे? माझी. पुढच्या सोमवारपासून दोर्सिलाबाईंच्या भाच्याला भाड्याने दिली. मोबाइल दुरुस्तीचं टाकतोय तो. माल घरात आणून ठेव, मी बघतो काय करायचं ते."

दोर्सिलाबाईंचा भाचा! घरातली घाण घरात!

३ जून

धुण्याच्या दगडावर दोघी एकाच वेळी. एरवी एक आली की दुसरी जायची. मी सांगितलं. कर्ज माझ्या नावावर, बारा हप्ते बाकी, दुकान नाही. मग काय, माझ्याही घरी येतील चौघी, प्रार्थना म्हणत.

ती कपडे पिळत होती. म्हणाली, "माल किती आहे?"

"खरेदीच्या भावाने तीस-बत्तीस हजारांचा."

"शनिवार बाजाराचा दिवस. त्या दिवशी सगळा फुंकून टाक. खरेदीच्याच भावात."

"एका दिवसात? कोण घेणार?"

"मी ओरडते," ती म्हणाली. "सेमेला माझी आई मासळी विकायची. चार वर्षांची असल्यापासून ओरडतेय मी."

७ जून, शनिवार

बाई आहे की भोंगा!

सकाळी आठला दुकानासमोर खोकं टाकून त्यावर उभी राहिली, तान्हा पाठीला बांधलेला. "या गं या! वेडी झालीय थोरली, साखर फुकट देतेय! उद्या शहाणी होईल, आज घ्या! अहो काका, बायकोला घाबरता? मग साबण न्या, तोंड धुऊन घरी जा!" लोक हसून हसून थांबायचे, आणि थांबले की घ्यायचे. मी मोजत होते, बांधत होते. अबुटो मासळी सोडून पिशव्या धरायला आली. दहा वाजता साखर संपली. बाराला तेल, साबण. दोनला वह्या, मीठ, मेणबत्त्या. शेवटी फळ्यासुद्धा विकल्या! सुतारच घेऊन गेला, अर्ध्या किमतीत, उपकार केल्यासारखा.

मला हसू येत होतं. काय हे, माझं दुकान बुडतंय आणि मी हसतेय.

माझा फोन ओगोलाकडे, म्हणून सगळी रोकड कोपऱ्यावरच्या मोबाइल-पैशांच्या एजंटकडे तिच्याच फोनच्या खात्यात भरली. छत्तीस हजार चारशे. बुधवारी चेरोनो आली की दोघींचं कर्ज तिच्या हातात ठेवायचं, असं ठरलं.

तीनच्या सुमाराला ओगोला आला. रिकाम्या भिंती बघितल्या. आगकाडी थांबली — पहिल्यांदा! "पैसे?" मी म्हटलं, कर्जाचे आहेत. तो म्हणाला, "उद्या चर्चनंतर दोघींनी माझ्यासमोर मोजायचे. फोन पण आणायचा."

तिने मान डोलावली. "हो."

८ जून, रविवार

गेली.

सकाळी तिच्या अंगणात धूर नाही म्हणून बघायला गेले. दार सताड उघडं. मशीन नाही. पोरं नाहीत. गळतीचे तीन डबे तेवढे जागच्या जागी. मोटरसायकलवाला म्हणाला, पहाटेच्या बसला सोडलं, मशीनचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

मला एक शब्द नाही.

९ जून, सोमवार

ओगोला काल दिवसभर हसत होता. "मी तिला नऊ वर्षं ओळखतो, थोरले. तू किती दिवस? दहा?" आज भाच्याने दुकानाला निळा रंग दिला.

मूर्ख! मूर्ख! मूर्ख! सेहेचाळीस वर्षांची घोडी मी, पोतं तोलून घेते, नोट उजेडात धरून घेते, आणि सगळं दुकान तिच्या फोनमध्ये ओतलं! का? तर तिने खोक्यावर उभं राहून चार विनोद केले म्हणून. मशीन मी आणलं. बॉबिनसाठी पुन्हा गेले मी! आणि ती — अरे, शांतपणे स्क्रूड्रायव्हर आणून देणाऱ्या बाईला भ्यायला हवं होतं मी. तेव्हाच ठरवलं असेल तिने. त्या गादीवरून पोर उचललं ना मी, त्याची किंमत वसूल केली. बरोबर केलं म्हणावं तर तेही घशाखाली उतरत नाही.

तिची किळस, त्याची किळस, दोर्सिलाबाईंच्या मिटल्या डोळ्यांची किळस. आणि सगळ्यात जास्त या बाईची, जी इथे बसून लिहितेय.

१० जून

उद्या चेरोनो येईल. काय सांगू तिला? 'मृत्यू'च्या रकान्यात खूण कर म्हणावं.

कपाटातले चार कप, लिलीने पाठवलेली घोंगडी, खाट काढून दाराशी ठेवली. त्यांना शोधायला लागायला नको.

११ जून, बुधवार

चेरोनो सकाळीच आली, बैठकीच्या आधी, सरळ माझ्या घरी. खाटेकडे बघून म्हणाली, "हे काय मांडलंय?"

मग कागद दिले. दोन. दोन्ही खाती बंद, सगळे पैसे पोहोचले, सोमवारी सकाळीच सेमेहून. तिचा फोन ओगोलाच्या हातात पडण्याआधी निघावं लागलं म्हणे, आणि माझा फोन त्याच्याच खिशात — सांगणार कशी? उरलेल्याचं समोरासमोर बोलू, दुकानासाठी रस्त्याला लागून एक खोली बघून ठेवली आहे.

चेरोनोने पाकिटातून तीनशे शिलिंग काढून माझ्या हातावर ठेवले. "हे पण तिनेच पाठवलेत. म्हणाली, एवढंच सांग: ये."

सेमेचं भाडं तीनशे. फक्त जाण्याचं, परतीचं नाही. बस दहाला आहे.